उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ

आमच्या धाकट्याचं सांगतो, चहा कडू लागला तर मला बोलू नका. पप्पांच्या आजारपणात अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून सगळं मी केलं. हा दहा वर्षांनी नाताळला उगवला, तर पप्पांनी आजोबांच्या वेळचं तैलचित्र भिंतीवरून काढून त्यालाच दिलं. बायबलमधला उधळ्या पुत्र घरी परततो आणि बाप त्याला मिठी मारतो, ते चित्र.

"पप्पा, कोपऱ्यातल्या या माणसाला तोंडच नाही!"

"तो थोरला भाऊ, घरी राबलेला. तुझ्या दादानं घासून घालवला."

दर नाताळला ओल्या फडक्यानं ते मीच पुसायचो, खरंय. "बापलेकाच्या चेहऱ्यांना पाणी लावू नकोस, रंग जाईल," असं पप्पा दरवर्षी बजावायचे. थोरल्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत.