पोस्टरातल्या बाया आन मी

माजं म्हायेर मेढ्याच्या वरल्या अंगाला, डोंगरात. तिथं शिनेमा म्हंजी जत्रंत तंबू लागायचा तेवढाच. सांगलीचं स्थळ आलं तवा मामा म्हनाला, पोरगा टाकीजचं बोर्ड रंगवतो, हाताला लय गुण हाय. मी म्हनलं बरं झालं, उनातानात खुरपायला तरी लागायचं न्हाई. पर घरात एवढ्या बाया असतील आसं कुनी सांगितलं न्हवतं.

काय सांगू तुमास्नी, लगीन करून आले तर खोलीभर बायाच, भित्तीला टेकवलेल्या, एकेकीचं त्वांड माझ्या दुप्पट, आन खाटंखाली शिनेमाच्या मासिकांची चळत, हे त्यातनं चेहरं उतरवायचे. पोस्टराचा कायदा असतो बगा, ह्यांनीच सांगितलेला, हिरो मधी आन सगळ्यात थोराड, रागात आसंल तर अर्धं त्वांड निळं अर्धं नारंगी, व्हिलन खाली कोपऱ्यात हिरवा, आन हिरवीन हिरोच्या खांद्यापाशी, बगायचं त्याच्याकडंच. मासिकावर मात्र ती एकलीच, आन बगती घेनाऱ्याच्या थेट डोळ्यात. मी भाकरी थापायला बसले की त्या समद्या माझ्याकडं बगायच्या. मी मासिकं पालथी घालायची, हे येऊन परत सुलटी करायचे, म्हनायचे वाऱ्यानं उलटली वाटतं. आवं, खाटंखाली कुठला वारा.

जळायचे मी, खरं सांगते. एकेकीच्या गालाला गुलाबी लावताना ह्यास्नी जेवनाची शुद्ध ऱ्हायची न्हाई, ताट गार. आन मला कवा म्हनले न्हाईत, बस जरा म्होरं, तुजं काढतो. एकडाव मीच लाज सोडून म्हनलं. तर म्हनाले, जित्ती बाई बगून मला जमत न्हाई गं, बारका फोटू पायजे, त्येच्यावर पेन्सिलनं चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर, मग एकेक भरत जायची. आन माजा फोटू तर लग्नातला एकच, त्यात मान खाली, मुंडावळ्याच दिसत्यात. ऱ्हायलं ते.

मग फ्लेक्स आलं, टाकीजचं मंगल कार्यालय झालं, हे घरी बसले. मला वाटलं गेल्या एकदाच्या बया. तर आता पुन्याकडची शिकलेली पोरं येत्यात जुनी पोस्टरं बगायला, मोबाईलवर फोटू काढत्यात, ही कोन ती कोन इचारत्यात, आन हे समद्यांची नावं सांगत्यात, एक इसरत न्हाईत. मी च्या घेऊन गेले की पोरं म्हनत्यात, काकू, जरा बाजूला व्हता का, तुमची सावली पडती.

औंदा मग सुनंनंच हट्ट धरला. तिनं मोबाईलवर माजा फोटू काढला, कागदावर छापून आनला, आन ह्यांच्या म्होरं ठिवून म्हनली, मामा, आता आत्यांचं काढा. फोटूत मी हिरवी इरकली साडी नेसून बसलेली. ह्यांनी चौकटी पाडल्या, कोळशानं रेघा वढल्या, आन दुपारपतूर बगा, मीच हुते तिथं. रुंद नाक, हनुवटीखालची घडी, एक भुवई वर. मी हरखून सैपाकाला गेले. संध्याकाळी येऊन बगते तर नाक चाफेकळी केल्यालं, त्येच्यावर पांढरी रेघ, डोळं कानापतूर, गाल गुलाबी. मी म्हनलं, ही कोन. हे म्हनाले, तूच की. चेष्टा न्हाई, अगदी मनापासनं म्हनाले. सारा जलम तीच रंगवली, हाताला दुसरी बाई ठावंच न्हाई.

गल्लीतल्या बाया बगून गेल्या, म्हनल्या नशीब काढलंस बाई. सुनंनं भित्तीला लावलं. आता हे त्या भित्तीवरलीच्या म्होरं खुर्ची टाकून बसत्यात. मी आतनं हाक मारते, आवं जेवायला या, आन हे तिच्याकडं बगून म्हनत्यात, आलो गं.

ऱ्हाऊ द्या. देव त्येंची नजर शाबूत ठेवो. साडी तेवढी माजीच हाय, काठासकट उतरवलीया.