खुर्चीचं तिकीट

गोंदियाच्या पोरांचा रॉक बँड पहिल्यांदाच गोंदियात वाजवणार होता. तिकिटाच्या रांगेत काखेत गोणपाट धरलेली एक म्हातारी उभी होती. तिच्या गावचा सुकराम आपलं तिकीट घेऊन तिच्याजवळ येऊन थांबला.

"धनवंताकाकी, गोणपाट कायले आणला?"

"गावात दंडारीचा खेळ पाहाले नेतोच ना आपण? खाली बसाचं तं लुगडं कायले मळवाचं?"

"बरं केलं. रेशनकार्ड दाखवलं का जिल्ह्यातल्याईले खाली बसाचं तिकीट अर्ध्यात देऊन राहिले. मी घेतलं. आपलाच पोरगा ढोल वाजवते ना!"

"आपला? कवापासून रे? माहा दुर्गेश डबे बडवे तवा त्या आवाजानं तुया म्हशीचं दूध आटत होतं."

"जुनं काऊन काढतेस, काकी?"

"पंच बसवले तू. माह्या अंगणातले डबे उचलून तलावात फेकले."

"पण आता सारं गाव येऊन राहिलं ना त्याले पाहाले!"

"येऊ दे."

तेवढ्यात तिचा नंबर लागला. खिडकीतला तिकीटवाला म्हणाला,

"अम्मा, राशनकार्ड दिखाओ, आधे में मिलेगा."

"कार्ड हाय. पण अर्ध्यातलं नाही पाहिजे. सगळ्यात समोरच्या खुर्चीचं दे, पूर्ण पैशाचं."

"काकी, येडी झाली का? सवलत हाय ना!"

"माह्या नातवाच्या ढोलाले गावानं कधी सवलत देली नाही. आता मले नाही पाहिजे."

तिनं तिकीट कनवटीला खोचलं आणि काखेतला गोणपाट सुकरामच्या हातात दिला.

"धर. तुले खाली बसाचं हाय."