औषध सोडायच्या आधी

मी पहूरकडचा. पहूरच्या अलीकडं एक लहानसं खेडं हाये, तिथला. नाव सुकदेव, पण इकडं यावलकडं मले बठ्ठे सुकाभाऊ म्हणतात, अन् तुम्ही हे लिहून घेता तर तुम्हीबी तेच लिहा ताई, सुकदेवराव म्हटलं की मले वाटतं तलाठी आला. माझा बाप सालदार, बापाचा बाप सालदार. आता सालदार म्हणजे काय, तर आखाजीले, तुमच्या अक्षय तृतीयेले, एका शेतकऱ्याचं साल धरायचं अन् पुढच्या आखाजीपर्यंत त्याच्याच शेतात राबायचं, ऊन असो का पाऊस, मग आखाजीले दोघांनी समोरासमोर बसायचं, पटलं तर पुढचं साल, नाही पटलं तर राम राम. आमच्याकडं बठ्ठं कोरडवाहू, कापूस अन् ज्वारी. लगीन झालं तसा मी तापी ओलांडून इकडं केळीच्या पट्ट्यात आलो, नानांकडं साल धरलं, ते धरलं ते धरलंच. नाना म्हणजे आमचे मालक. माणूस तापट, पण बोलला शब्द पाळणारा.

बायको धुळ्याकडची. ती अहिराणी बोलते, मी पहूरचं बोलतो, अन् इकडचे लोक तिसरंच बोलतात, त्यामुळं माझ्या तोंडात बठ्ठ्याचा काला झाला. ती मले म्हणते, तुमनी बोली ना घरनी ना घाटनी. म्हणू द्या. तिचं बोलणं मी आयुष्यात एकदाच मनावर घेतलं, अन् बरं झालं घेतलं, ते सांगतो पुढं.

आधी माझं काम सांगू द्या, नाहीतर तुम्हाले समजायचं नाही. नानांच्या बागेतलं ठिबक माझ्या हातात. कोणत्या तुकड्याले किती वेळ पाणी, कोणता व्हॉल केव्हा उघडायचा, कुठली नळी बुजली, कुठं उंदरानं कुरतडली, हे बठ्ठं मले पायाले कळतं. बागेतून नुसता चाललो ना, तरी माती सांगते की सुका, इथं पाणी नाही पोचलं. फुशारकी नाही मारत, इचारा कोणालेबी. अन् आता केळीले खतबी ठिबकातून देतात अन् औषधबी ठिबकातूनच. बांधावर टाकी हाये, तिच्यात कालवायचं अन् सोडून द्यायचं, पाण्यासंगं जातं मुळापर्यंत. आम्ही त्याले औषधच म्हणतो. विषाले औषध म्हणायची आमची सवय, काय सांगू तुम्हाले, त्या एका शब्दानं आमची भीतीच मेली.

आता उन्हाचं. ऊन तर आमच्या जळगावले पहिल्यापासून हाये, त्याचं कौतुक नाही, पण आता जे पडतं ना ते ऊन नाही, ती भट्टी हाये. पह्यले बाया बारापर्यंत काम करायच्या, आता पहाटे येतात अन् दहा वाजले की नको नको होतं. केळीची पानं करपतात, घडबी भाजतात, म्हणून घडाले पिशव्या घालतो आम्ही, बागेच्या कडेनं जुन्या साड्या बांधतो, गरम वारा अडावा म्हणून. बाया कामाले येतात तर लेकरं कुठं ठेवणार? संगं आणतात. बागेत गार असतं, केळीले झोळी बांधतात, मोठी पोरं सरीत खेळतात. आम्हाले वाटायचं याच्याहून चांगली जागा नाही लेकरांले. घरात पत्रा तापतो, बागेत सावली. खोटंबी नव्हतं ते.

पाण्याचं तेवढं वाईट. बाया प्लास्टिकच्या कॅनीत पाणी आणायच्या, नऊ वाजले की त्याचा चहा व्हायचा. मग सोपं काय, तर नळी. ठिबकाच्या नळीचं टोक दुमडून बांधलेलं असतं, मोटर चालू असली अन् ते टोक सोडलं की बोअरच्या पाण्याची गार धार येते. मी तीस सालं तसंच पाणी प्यालो. माझ्याच हातानं मी पोरांले शिकवलं, असं टोक धर, असं सोड, ओंजळ लाव, पिऊन झालं की परत दुमड, नाहीतर सुकाभाऊ मारंल. पोरं हसायची.

त्यात एक रेशमी होती. सातपुड्यातल्या पाड्यावरची सायजा हाये ना, आमच्याकडं कामाले येते, बागेच्या कडेलेच तिची झोपडी, तिची पोरगी. तेव्हा पाच वर्षांची असंल. काळी सावळी, डोळे टपोरे, अन् तोंड असं चालायचं की पोपट बरा. माझ्या मागं मागं फिरायची. बाबा, हा व्हॉल का फिरवतो, बाबा, पाणी कुठं जातं. नळीचं टोक सोडायले तीच सगळ्यांत हुशार. मले कौतुक वाटायचं, मी म्हणायचो, ही माझी वारसदार.

चार सालं झाली त्याले. आखाजीले पंधरा-वीस दिवस राह्यले होते. बागेत मुळाची कीड पडली, नाना म्हटले औषध सोड. मी सकाळी टाकीत औषध कालवलं, खालच्या तुकड्याचा व्हॉल उघडला. बाया वरच्या तुकड्यात होत्या, घड झाकत होत्या, म्हणून मी बेफिकीर. पण लेकरांले वरचा तुकडा काय अन् खालचा काय? तहान लागली तर ते धार जिथं असंल तिथं जाणार. ही गोष्ट तीस सालांच्या ठिबकवाल्याले सुचली नाही. ते औषध पाण्यात कालवलं की दिसत नाही हो, पाणी पाण्यासारखंच.

साडेदहाच्या सुमारास सायजा ओरडत आली, पोरगी पडली, पोरगी पडली. जाऊन पाहतो तर रेशमी बांधावर आडवी, ओकलेली, तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं. बाया जमल्या. ऊन लागलं, ऊन लागलं, बठ्ठ्या एकच म्हणू लागल्या, अन् का नाही म्हणणार, त्या दिवशी ऊनच तसं होतं. कोणी कांदा फोडून तळपायाले चोळू लागली, कोणी म्हटली कैरीचं पन्हं आणा, सावलीत घ्या, वारा घाला. माझी बायकोबी तिथंच होती. मी वाकलो, पोरीच्या फ्रॉकचा वास आला. तो वास मले माहीत होता. सकाळपासून माझ्या हाताले तोच वास होता.

आता खरं सांगतो ताई, लिहा तुम्ही, लपवायचं नाही. मी गप्प राह्यलो. एक बिडी ओढायले जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ मी गप्प उभा होतो. मनात काय आलं? आलं की नानांचं नाव जाईल, माझं साल जाईल, पोलीस येतील, सायजा काय म्हणंल. अन् एक मन म्हणे, ऊनच लागलं असंल, होईल बरी. पोरगी तिथं तडफडते अन् मी हिशेब लावतो, थू माझ्या जिंदगानीवर. बायको माझ्याकडं पाहत होती. चाळीस सालांचा संसार, तिले माझं तोंड पाटीवरच्या अक्षरासारखं वाचता येतं. ती उठली, जवळ आली अन् म्हणे, तुमना तोंडले काय कुलूप लागनं शे का? सांगी द्या जे शे ते!

मग मी बोललो. मी म्हटलं, ऊन नाही, नळीत औषध हाये, मीच सोडलं, पोरीनं ते प्यालं. पन्हं देऊ नका, तोंडात काहीच घालू नका. बाया दोन पावलं मागं सरल्या. सायजा माझ्याकडं पाहत राह्यली, तिची ती नजर मी सांगू शकत नाही, ते राहू द्या. मी मोटर बंद केली, टाकीजवळची औषधाची बाटली पिशवीत टाकली, नानांची फटफटी काढली, सायजा मागं, मधात पोरगी, अन् जे निघालो ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच थांबलो. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं इचारलं काय झालं, मी बाटली समोर ठेवली. तिनं बाटलीवरचं वाचलं, पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली अन् धावपळ सुरू झाली, सुया, नळ्या, कपडे काढून अंग धुणं. संध्याकाळी बाहेर आली तर मले म्हणे, बाबा, बाटली आणली हे लई चांगलं केलं, उन्हाचं म्हणून आणली असती तर ओळखायलेच वेळ गेला असता. मी म्हटलं बाई, चांगलं माझं नका म्हणू. तिसऱ्या दिवशी रेशमी उठून बसली अन् मले म्हणे, बाबा, भूक लागली. मी दवाखान्याच्या मागं जाऊन रडलो, माणसासारखा नाही, ढोरासारखा हंबरलो.

मग आली आखाजी. नानांच्या ओट्यावर बठ्ठे जमलेले, आमरस-सांजोऱ्यांचं जेवण झालेलं, देवघरात पितरांच्या नावानं गार पाण्याची घागर भरून ठेवलेली, वर खरबूज. नाना म्हटले, सुका, बोल, औंदा किती वाढवू? मी म्हटलं, नाना, एक रुपया वाढवू नका. पण बांधावर कडुलिंबाखाली मांडव पाह्यजे, त्यात माठ पाह्यजे, तो रोज पहाटे तुमच्या घरून भरून यायले पाह्यजे. अन् ज्या दिवशी औषध सोडायचं, त्या दिवशी बाया-लेकरं बागेत यायची नाहीत, त्यांची हजेरी मात्र भरायची, मजुरी द्यायची. व्हॉलवर लाल फडकं बांधणार मी, ते मीच सोडणार, तुम्हीबी हात लावायचा नाही.

ओट्यावरचे लोक हसले. एक म्हटला, सालदार मालकाले अट घालतो, कलियुग आलं. नाना तापले, म्हटले, पोरगी वाचली ना, दवाखान्याचं मी पाह्यलं ना, आता काय डोक्यावर बसतो का? मी म्हटलं, नाना, मेलेल्या माणसांले तहान लागंल म्हणून तुम्ही घरात गार घागर भरली. घडाले ऊन लागंल म्हणून पिशवी घातली. जित्या लेकरांच्या वाट्याले तेवढी नळी राह्यली. कोणीच हसलं नाही मग. पण नाना हो म्हटले नाहीत. मी चपला घातल्या अन् राम राम म्हटलं.

घरी आलो. बायकोले म्हटलं, साल मोडलं. या वयात दुसरं कोण धरणार, हे तिलेबी माहीत, मलेबी माहीत, राहतं घर नानांचंच. ती म्हणे, मंग काय, भाकर खाई ल्या. दोन दिवस मी खाटेवर बसून काढले. दुसऱ्या कोणाले ते ठिबक झेपणार नाही, ही माझी खात्री होती, अन् त्या उन्हात केळ दोन दिवस तहानली की तिसऱ्या दिवशी मान टाकते. तिसऱ्या दिवशी सकाळी फटफटीचा आवाज. नाना दारात. मागं सावद्याच्या बाजारातून आणलेला माठ, गोणपाटात गुंडाळून दोरीनं बांधलेला. म्हणे, चाल, खालचा तुकडा सुकू राह्यला. मी म्हटलं, मांडव? म्हणे, बांबू टाकले बांधावर, आता चालतो का तुले पालखी आणू? आता लोक म्हणतात नानांचं मन पालटलं. मन नाही पालटलं, केळ सुकत होती. पण माठ आला ना? मले मनाचं काय करायचं?

आता आमच्या शिवारात बऱ्याच बांधांवर माठ दिसतात. दुसरे सालदारबी आखाजीले ही अट घालतात, मालक कुरकुर करतात अन् मान्य करतात. काही नाहीत करत, त्यांच्याकडं आमच्या बाया जात नाहीत.

गावात नाव झालं माझं, सुकाभाऊनं पोरगी वाचवली म्हणून. सायजाबी तसंच म्हणते आता, तिनं मनातून कधी माफ केलं मले माहीत नाही, मी इचारलं नाही. पण रेशमीलेबी वाटायचं की बाबानं मले वाचवलं. ते मले सोसेना. ती आता वर सातपुड्यात आश्रमशाळेत हाये, सुट्टीले येते. मागच्या दिवाळीत माझ्यासंगं बागेत फिरत होती, तिले बसवलं अन् म्हटलं, पोरी, ते औषध मीच सोडलं होतं, अन् नळी सोडायलेबी मीच शिकवलं होतं तुले. तिनं पायाजवळच्या नळीचं दुमडलेलं टोक चाचपलं. मग इचारलं, आता कोण सोडतं? म्हटलं, मीच. तर म्हणे, मग सोडायच्या आधी मले हाक मारत जा.

तेवढंच बोलली अन् पळाली खेळायले. लेकरू सुखात राहो, मोठी होवो, माझं आयुष्य तिले लागो. लाल फडकं तर हायेच, ते बांधतो. बाया त्या दिवशी येत नाहीत, लेकरं नाहीत, बागेत चिटपाखरू नसतं. तरी मी बांधावर उभा राहतो अन् मोठ्यानं हाक मारतो, रेशमी, औषध सोडू राह्यलो गं, दूर हो! शेजारच्या मळ्यातले हसतात, म्हणतात सुका म्हातारा झाला. मी थोडा वेळ थांबतो, कोणी येत नाही ना पाहतो, अन् मग व्हॉल फिरवतो.