चिमणीचा पान्हा

मी मूळचा बीडकडचा. आई गेली आणि चौथीतनंच शाळा सुटली, मग गावच्या एका माणसाच्या मागं लागून कोल्हापुरात आलो, तवा मला इथलं साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं वाटायचं. मंगळवार पेठेत अक्काच्या गोठ्यात शेण काढायला ऱ्हायलो. अक्का म्हणजे गोठ्याची मालकीण, एकटी बाई, तोंडानं तिखट, पर काय सांगू तुम्हाला, जेवायला आधी मला वाढायची. तिचं उपकार फिटायचं न्हाईत. धार मात्र तीच काढायची, दुसऱ्या कुणाला कासंला हात लावू द्यायची न्हाई.

गुडघं धरलं तसं तिनं म्हशी इकायला काढल्या. त्यातली चिमणी नावाची म्हैस मी घेतली, पगारातनं फेडत फेडत. सगळं फिटलं त्या दिवशी लई झोकात तिला हळद-कुंकू लावलं, आता माझी म्हणून. आणि लगोलग अक्का लेकीकडं जयसिंगपूरला ऱ्हायला गेली. संध्याकाळी मी धारंला बसलो तर चिमणी पान्हाच सोडंना. रेडकू लावलं, पेंड घातली, पाया पडलो, न्हाई म्हणजे न्हाई. गिऱ्हाईक चरव्या घेऊन दारात उभं. सकाळीबी तेच. कास दगडावानी झाली. म्हैस आटली तर करायचं काय, गावाकडं तरी कोण हाय माझं?

तसाच एस्टीनं जयसिंगपूर गाठलं. अक्का म्हणाली, मुडद्या, पैकं मी घेतलं, म्हशीनं कुठं घेतलंय? तिला इच्यारलंस का? मग आपलं नेसतं लुगडं दिलं, म्हणाली, हे गुंडाळून बस आणि थरथरू नगंस, तुझं भ्या तिला कळतंय.

बसलो की हो लुगडं गुंडाळून, भर रस्त्यावर; इथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच धार काढत्यात. धारंचं दूध प्यायला आलेलं पैलवान म्हणालं, काय वैनी, आज उशीर? मी चरवी गुडघ्यात धरली. चिमणीनं लुगडं हुंगलं, वळून माझ्याकडं बघितलं, न्हाई म्हणती का काय असं वाटलं, आणि सोडला की पान्हा. मी रडत होतो आणि पैलवान हसत होतं. तवापास्नं माझी म्हैस म्हणायला जीभ कचरती.

आता माझं लगीन झालंय. चिमणीची रेडी, माझ्याच हाताखाली वाढल्याली, पैल्यांदा व्याली हाय. मुरगूडच्या पावण्यानं ती मागितली. मी म्हणलं, देतो, पर पैलं थोडं दिस धारंच्या वक्ताला मी येऊन जवळ उभा ऱ्हाणार. पावणा म्हणला, म्हशीसंगं तुमीबी इकत मिळताय व्हय? म्हणलं, व्हय की. उद्याच निघायचं हाय. इथं माझ्या माघारी चिमणी माझ्या बायकोला धार काढू देती का न्हाई, ह्याचा घोर लागलाय. बघू. अक्काच्या पुण्याईनं निभंल.