आबांची डिस्क

तळेऱ्याच्या स्टँडवर शर्मिलाच्या पाठच्या बाकावर एका बहीण-भावाची जुंपली होती. भावाच्या मांडीवर नुकताच सेकंडहँड घेतलेला आणि आता दुकानातून बदलून आणायला काढलेला जड सीडी प्लेअर होता.

“सत्यवान, घेताना आबांच्या भजनाची डिस्क लावून बघलंस?”

“नाय गो अक्का. दुकानदारान स्वताची डिस्क लावली. काय मस्त वाजली!”

“आणि घराकडे आबांची लावलंस तर गप्प! घरात कॉम्प्युटरवर भरलेली डिस्क हरएक मशीन वाचीत नाय, चार वेळा सांगितलंय ना तुका?”

“सांगितलंस.”

“डिस्क पिशयेत होती?”

“होती.”

“मगे लावूक काय झाला, मेल्या?”

“आरडू नको गो. आबा गेल्यापासून तेंचो आवाज ऐकूक नाय मी. परक्याच्या दुकानात माका रडाक इला असता.”

शर्मिलाने मान वळवली नाही.

“दी ती डिस्क हडे. आज दुकानात मी लावतलंय. तू भायर उबो रव.”