मामाचं परतीचं विमान

बिदरचं विमान मधी बंद पडलतं, तवाची गोष्ट. औरादचा माझा मामा विमानानं लेकाकडं बेंगळूरला गेला. "चार दिवसांनी विमानानंच येतो," म्हणून गावभर सांगून गेला. तेवढ्यात कंपनीनं विमानच बंद केलं.

मामी रोज फोनवर म्हणायची, "रेल्वेनं या की वो."

"लोक हसतील. विमान चालू होऊ दे."

असे दोन महिने गेले. एक दिवस मी आन् मामी बाजारात असताना मामा बसमधून उतरला. "तुझ्या हातची भाकर आठवायली," एवढंच मामीला म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "अप्पा, विमान चालू झालं का?"

मामाची मान खाली गेली. मामीनं भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली आन् दुकानदाराला म्हणाली, "न्हाई वो अण्णा. ह्यांना सोडायला तेवढं एकच आलतं."