मुलाखतीला आत राहिलेली एकटी

दवाखान्याच्या बाकावर मी मामटोलो आणि मामभेले यांच्या मधोमध अडकलो होतो. दोघी गावच्या शाळेच्या समितीवर. आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या कोसा लोकांत बाईला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारतात, टोलो कुळाची ती मामटोलो, आणि कुळ एक म्हणजे भाऊबहीण.

“निवडीच्या वहीत सही कर ना, मामटोलो. सचिव तू आहेस. उद्या मुदत संपली की गणिताच्या शिक्षकाची जागाच जाईल.”

“उमेदवाराच्या नातेवाइकांनी बाहेर जावं, असं मुख्याध्यापक म्हणाले. झिमासा टोलो कुळाची, म्हणून मी गेले. बाकीचे पाचही टोलोच, तेही उठले. त्यातल्या तिघांनी तर तिला आधी पाहिलंही नव्हतं!”

“नियम पाळलात. छान केलंत.”

“आणि तू आत बसून तिलाच निवडलंस!”

“मी भेले. माझं कुळ वेगळं.”

“अगं, ती तुझी सून आहे!”

“सुनेचं कुळ लग्नानं बदलतं का? सांग ना.”

“मुलाखतीला आलेल्या दुसऱ्या बाईंना तर दारातूनच परत पाठवलंस.”

“उशीर झाला होता. झिमासाला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.”

“बरं. घडलं तसंच वहीत लिहिते. ‘उमेदवाराची सासू मामभेले हिने एकटीने निवड केली.’ आता दोघी सही करू.”

“‘सासू’ खोड.”

“का? नातं नाही ना तुमचं?”

नर्सनं मामभेलेला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली.

“‘सासू’ राहू दे,” मामभेले उठत म्हणाली. “‘निवड केली’ खोड. आणि त्या दुसऱ्या बाईंना उद्या सकाळी बोलाव.”